दोन बटणांची प्रेस आणि गालातला मावा

मी मेकॅनिकलचा. बायोलॉजीशी संबंध दहावीतच संपला. मग हा लेख कशाला? तर आपल्या नगर जिल्ह्यात सुपारी, तंबाखू अन् चुना घोळून केलेला मावा होस्टेलच्या रूमपर्यंत येतो, आणि गेल्या सेमिस्टरला माझ्या रूममेटचं तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेना. डॉक्टर म्हणाले, "हे कॅन्सरच्या आधीचं लक्षण असू शकतं." मग मी वाचायला बसलो.

एमआयडीसीत पॉवर प्रेस पाहिली असेलच. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय ती पडत नाही. आपल्या पेशीतही असंच एक विकर (एन्झाइम) आहे, कॅस्पेज-८. बिघडलेल्या पेशीला मोडीत काढणं हे त्याचं काम. पण चुकून चालू झालं तर चांगली पेशीही मरेल, म्हणून त्याला कुलूप असतं.

त्याच्या पुढच्या टोकाला दोन प्लगसारखे भाग, मागे एक मोठा आणि एक लहान तुकडा. मोठ्या तुकड्यातलं सिस्टीन म्हणजे कापायची धार. एकटा रेणू निष्क्रिय असतो. पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला 'मर' असा निरोप मिळाला, की फॅड नावाचं प्रथिन त्याला चिकटतं आणि त्यात हे प्लग बसतात. दोन रेणू जवळ आले की जोडी जमते, ते एकमेकांना कापतात, दोन मोठे आणि दोन लहान तुकडे मिळून यंत्र चालू! ते पुढे कॅस्पेज-३ ला जागं करतं आणि पेशी संपते. सी-फ्लिप नावाचं तसंच दिसणारं पण बिनधारेचं प्रथिन फार वाढलं, तर ही साखळी अडते.

आता मुद्दा. २०१३ साली भारतीय शास्त्रज्ञांच्या गटाने (खारघरचं अ‍ॅक्ट्रेक त्यात होतं) गाल-हिरडीच्या कर्करोगाचे ११० रुग्ण तपासले. वारंवार बिघडलेल्या जनुकांत कॅस्पेज-८ चं जनुक सापडलं. म्हणजे जिथे आपण मावा धरतो, तिथल्याच गाठींत ही प्रेस बंद पडलेली!

रूममेटने मावा सोडून चार महिने झाले. तोंड अजून पूर्ण उघडत नाही. मेसमध्ये भाकरी कुस्करून खातो. तुमच्या खिशात पुडी असेल, तर हे पान उलटायच्या आधी टाकून द्या राव.