मधला वेळ

जुन्या साप्ताहिकांत वाचकांच्या पत्रांच्या सदराखाली बारीक टायपात एक सूचना असे. पत्र कागदाच्या एकाच बाजूस, शाईने व सुवाच्य अक्षरात लिहिलेले असावे. खाली पूर्ण नाव व पत्ता असावा. नापसंत मजकूर परत हवा असल्यास पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडावे. सूचना मोठी रुक्ष. पण तिच्यामुळे घराघरांत काय काय घडत असे, ते पाहण्यासारखे आहे.

समजा, सदाशिव पेठेतील एका गृहस्थांना म्युनिसिपालिटीच्या नळाचा, किंवा व्याख्यानमालेतील एखाद्या वक्त्याचा, मनस्वी राग आला. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी दौत-टाक पुढे ओढले आणि चार पाने खरडली. मग ध्यानात आले की, घरात पाकीट नाही. सकाळी पाकीट आणण्यापूर्वी पत्र पुन्हा एकदा वाचले गेले, तेव्हा दोन विशेषणे त्यांची त्यांनाच जड वाटली. चहाचा कप पुढे ठेवताना सौभाग्यवतींनी सहज विचारले, "त्यांच्याच आळीत आपल्या ताईचं सासर आहे, लक्षात आहे ना?" आणखी एक वाक्य गेले. पुढे पोस्टाची पेटी, संपादकाचे टेबल, तिथली कात्री, मग खिळे जुळवणारा, मग मुद्रिते तपासणारा. पत्र छापून हाती पडे तोवर पंधरा दिवस लोटलेले असत आणि नळालाही एव्हाना पाणी आलेले असे. कित्येक पत्रे तर पाकिटापर्यंतही पोहोचत नसत. लिहून झाले, मन हलके झाले, कागद बंबात गेला!

हे पत्र लिहिणारे गृहस्थ आजही आहेत, त्यांचा रागही तितकाच सच्चा आहे. पण आता त्यांच्या हातात फोन आहे. राग येणे, तो लिहिणे आणि तो चारशे माणसांसमोर मांडणे या तिन्ही गोष्टी चहाचे आधण उकळण्यापूर्वी उरकतात. फेसबुक २००६ साली सर्वांसाठी खुले झाले, ट्विटरही त्याच वर्षीचे, व्हॉट्सॲप २००९ चे. आपल्याकडे ती घरोघर पोहोचायला आणखी काही वर्षे लागली, पण एकदा पोहोचल्यावर लेखक, संपादक, मुद्रक आणि पेपर टाकणारा पोरगा, ही चारही माणसे एकाच अंगठ्यात येऊन बसली.

या यंत्रांतील एक बारकावा सांगण्यासारखा आहे. पूर्वी ट्विटरवर दुसऱ्याचा मजकूर आपल्या ओळखीच्यांना दाखवायचा, तर तो उचलून, पुढे दोन अक्षरे टाकून, हाताने पुन्हा लिहावा लागे. खटपट दहा-पंधरा सेकंदांचीच. पण तेवढ्यात मजकुरावरून एकदा नजर फिरत असे. २००९ साली त्यासाठी एक कळ बसवली गेली आणि तेवढीही तसदी उरली नाही. ख्रिस वेदरेल या ज्या तंत्रज्ञाने ती कळ बनवणाऱ्यांचे नेतृत्व केले, त्यानेच पुढे २०१९ साली एका मुलाखतीत खेद व्यक्त केला. चार वर्षांच्या पोराच्या हाती भरलेले हत्यार देण्यासारखे हे झाले, अशा अर्थाचे तो बोलला. ज्याने कळ केली तोच असे म्हणतो, म्हणून त्याच्या बोलण्याला वजन द्यायचे.

येथे एखादा वाचक म्हणेल, "म्हणजे तुम्हाला पुन्हा संपादकाची कात्री हवी!" नाही, तसे मुळीच नाही. मराठीचे अध्यापन करणाऱ्याला त्या कात्रीचा इतिहास ठाऊक असतो, आणि तो काही सगळाच अभिमानाने सांगण्याजोगा नाही. १९२० च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्याची साधी जाहिरात, तीही पैसे मोजून, 'केसरी'ने छापली नाही, अशी नोंद आहे. पत्राचे नावच पाहा ना. ज्याला तोंड नव्हते त्याचा नायक! दुसऱ्याच्या छापखान्यात जागा मिळत नाही म्हणून ज्यांना स्वतःचे पत्र काढावे लागले, त्यांची यादी मराठीत बरीच लांबेल.

आणि ताराबाई शिंदे? १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली. मग वर्तमानपत्रांतून एकंदर स्त्रीजातीच्याच चारित्र्याचा पंचनामा सुरू झाला. बुलढाण्याच्या या बाईने १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून त्याला उत्तर दिले. उत्तर जळजळीत होते, टीकाही तशीच झाली. महात्मा फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली; पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही आपल्याला मिळालेले नाही. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा उजेडात आणले. आज अशी बाई लिहील, तर तिला छापखान्याची वाट पाहावी लागणार नाही. २०१८ च्या पावसाळ्यानंतर आपल्याकडील कित्येक स्त्रियांनी कामाच्या जागी सोसलेले प्रकार याच माध्यमातून प्रथम सांगितले. कोणत्या संपादकाने ते सगळे छापले असते? मात्र ताराबाईंना जी टीका सावकाश पोहोचली असेल, ती आजच्या बाईला तासाभरात पोहोचते, आणि तिची भाषा अशी की, ती येथे देता येणार नाही. दार उघडले, हे खरेच. त्या दाराने कोण कोण आत आले, हेही तितकेच खरे.

तेव्हा मला हळहळ वाटते ती संपादकाची नव्हे, त्या मधल्या वेळाची. पत्र लिहिणे आणि ते लोकांपुढे जाणे यांमध्ये जो वेळ जात असे, तो कुणी मुद्दाम ठेवलेला नव्हता. पोस्टाच्या आणि छापखान्याच्या गतीने तो आपोआप पडत असे. म्हणूनच तो नाहीसा झाल्याचे कुणाच्या लक्षात आले नाही.

वेळेबरोबर जागाही गेली. आपल्या जुन्या घरांत ओसरीवरचे बोलणे वेगळे, माजघरातले वेगळे आणि परसदारी विहिरीवरचे त्याहून वेगळे. एकच मनुष्य तिन्ही ठिकाणी तीन तऱ्हांनी बोले आणि त्यात कुणाला ढोंग दिसत नसे. माजघरातले बोलणे ओसरीवर नेणाऱ्याला मात्र घरात चुगलखोर म्हणत. फोनच्या पडद्यावर या भिंतीच नाहीत. मैत्रिणीला उद्देशून टाकलेली ओळ मामेसासरे वाचतात, कचेरीतले साहेब वाचतात, आणि ज्यांचे आपण नावही ऐकलेले नाही असे कुणीतरी तिसऱ्या गावी बसून वाचतात.

याचे मोल काय पडू शकते, ते नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला दिसले. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे १७ तारखेला निधन झाले, मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने या बंदविषयी फेसबुकावर चार ओळींचे मत लिहिले. तिच्या मैत्रिणीने ते आवडल्याची खूण केली. दोघींनाही अटक झाली. पहिलीच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पुढे खटला मागे घेतला गेला, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी 'श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात घटनाबाह्य ठरवून रद्द केले. निकाल चांगला लागला. पण माझे मन त्या दुसऱ्या मुलीपाशी घुटमळते. तिने लिहिले काहीच नव्हते. मैत्रिणीच्या बोलण्यावर मान डोलावली, इतकेच. पूर्वी अशी मान डोलावलेली चार हातांवरच्या माणसाला दिसत नसे. आता मान डोलावणे हेदेखील प्रकाशन झाले!

एवढ्या मोठ्या गोष्टी बाजूला ठेवून घरगुती समूहाकडे पाहिले, तरी हीच घाई दिसते. "वहिनींचे काका सकाळी गेले" असा निरोप येतो. त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागते, आणि अकराव्या क्रमांकावर कुणीतरी, वरचे काही न वाचता, केकचे चित्र टाकून 'जीवेत शरदः शतम्' म्हणून मोकळा होतो. त्याचा स्वभाव वाईट नसतो. वीस समूहांना वीस मिनिटांत सौजन्य वाटायचे असेल, तर असे व्हायचेच.

आमच्या विषयात या घाईने एक नवाच प्रकार जन्माला घातला आहे. पु. ल. देशपांडे, कुसुमाग्रज, व. पु. काळे यांच्या नावावर असे किती मजकूर फिरतात, जे त्यांच्या कोणत्याही पुस्तकात सापडायचे नाहीत! गेल्या काही वर्षांत उत्तरपत्रिकांतसुद्धा ते अवतरू लागले आहेत. विद्यार्थ्याला विचारावे, "हे पुलंनी कुठे लिहिलं?" तर तो शांतपणे म्हणतो, "सर, बाबांना आलं होतं." वाङ्मयचौर्य आपल्याला नवे नाही. दुसऱ्याचे लिखाण घेऊन खाली स्वतःचे नाव घालणारे पूर्वीही होते. येथे गंगा उलटी वाहते. मनुष्य स्वतः लिहितो आणि दुसऱ्याला दान करून टाकतो. कारण उघड आहे. आपल्या नावाने ते दोन माणसे पुढे धाडतील, पुलंच्या नावाने दोनशे.

तसे पाहिले तर हीही खोड जुनीच. संतांच्या नाममुद्रा घालून अभंग रचणारे होऊन गेलेच आहेत. ज्ञानेश्वरीत इतके पाठभेद आणि परक्या ओव्या शिरल्या होत्या की, एकनाथ महाराजांना शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. यापुढे कुणी आपली ओवी तीत घालू नये, अशी ताकीदही त्यांनी देऊन ठेवली. पण ज्ञानेश्वरीत भर घालणाऱ्याला निदान ओवी जुळवावी लागे, आणि पोथी बसून हाताने उतरवावी लागे. तीनशे वर्षांत जेवढे क्षेपक शिरले नसतील, तेवढे आता एका रविवारी शिरतात.

यावर हसता येते. १ जुलै २०१८ हाही रविवारच होता, आणि त्याच्यावर हसता येत नाही. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे, फिरस्ते लोक होते. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या दिवसांत फोनवरून देशभर फिरत होत्या. त्यांतली एक चित्रफीत तर मुळात कराचीमधील, मुलांच्या सुरक्षिततेबद्दल पालकांना सावध करण्यासाठी केलेली होती. तिचा शेवटचा, खुलासा करणारा भाग कुणीतरी कापला होता. जे कापून उरले ते लाखो आईबापांनी काळजीपोटीच पुढे धाडले. दुष्टपणाने धाडणारे त्यांत किती असतील? "खरं असो नसो, सांगून ठेवलेलं बरं," असे म्हणणारे आपल्यासारखेच बहुतेक.

त्यानंतर कंपनीने काय केले, तर त्याच महिन्यात, एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही, असे भारतापुरते बंधन घातले. एप्रिल २०२० मध्ये, पुष्कळ हात फिरून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल असे केले, तेव्हा अशा निरोपांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे तिनेच सांगितले. ट्विटरने त्याच वर्षी, बातमी न उघडताच पुढे धाडणाऱ्याला "आधी वाचायची आहे का?" असे विचारून पाहिले, विचारल्यावर बातमी उघडणारे ४० टक्क्यांनी वाढले. हे आकडे कंपन्यांचेच आहेत, ते तेवढ्याच बेताने घ्यावेत. तरी मौज पाहा. कुणाला गप्प बसवले नाही, कुणाचे लिखाण कापले नाही. फक्त पाकीट आणायला बाहेर जाण्याइतका अडथळा पुन्हा मध्ये ठेवला.

तरुण मंडळींना आपण उगाच बोल लावतो. वर्गातल्या मुलामुलींकडे पाहावे तर, त्यांनी पडलेल्या भिंती आपापल्या परीने पुन्हा बांधायला घेतल्या आहेत. नातेवाइकांना दाखवायचे एक खाते, पाच-सहा जिवलगांसाठी दुसरे. छायाचित्र टाकायचे तेही चोवीस तासांत आपोआप पुसले जाईल असे. सार्वजनिक जागी ती फारशी बोलतच नाहीत. निवृत्तीनंतर फोन हाती आलेले त्यांचे आजोबा मात्र ओसरी, माजघर आणि परसदार सगळीकडे एकाच आवाजात बोलत सुटलेले असतात.

या आजोबांसाठी २०१७ पासून एक सोय झाली आहे. धाडलेला निरोप सर्वांच्याच फोनवरून मागे घेता येतो. प्रथम त्याला सातच मिनिटांची मुदत होती, आता दोन दिवसांहून अधिक आहे. आधीचा वेळ गेला, त्याऐवजी हा नंतरचा मिळाला. परंतु मजकूर गेला तरी त्या जागी 'हा संदेश हटवला गेला' अशी ओळ मागे राहते. सकाळी सात वाजता घरच्या समूहावर अण्णांच्या नावाखाली ती ओळ दिसते. सव्वासातला मावशी विचारतात, "काय होतं हो?" साडेसातला सुरतेचा भाचा विचारतो. आठाच्या सुमारास अमेरिकेतली पुतणी, तिकडे रात्र असूनही, हेच विचारते. नऊ वाजेपर्यंत कुणीतरी आधीच वाचलेले निघते, आणि मग त्याला एकेकाचे फोन सुरू होतात.