अंगावर जाण्याचा हिशेब

ऑफसाइड ट्रॅपवर आज लिहीत नाही. मागच्या वेळी तसं कबूल केलं होतं, पण एका वाचकाच्या चिठ्ठीनं आठवडा खाल्ला. त्यांची पेठ सांगत नाही. सांगितली की टीम कळणार, आणि मला रोज त्याच पेठेतून घरी जायचं असतं. चिठ्ठी अशी : ‘गेल्या सीझनला आमची पोरं समोरच्याला बॉल घिऊन वळू देत नव्हती. औंदा नुस्ती बघत उभी ऱ्हात्यात. हे खरं, का माझाच डोळा फसतोय?’

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर हा प्रश्न रोज ओरडून विचारला जातो. ‘आरं अंगावर जा की!’ हे त्याचं संक्षिप्त रूप. पण ओरडणारा माणूस बॉलकडं बघत असतो, आणि दबाव टाकला जातो बॉलपासून लांब. फॉरवर्ड स्टॉपरच्या अंगावर सरळ धावला तर टाळ्या पडतात. तोच जरा वळसा घेऊन, आतल्या हाफकडं जाणारा पास झाकत गेला तर गॅलरीला तो आळशी वाटतो. प्रत्यक्षात स्टॉपरला आता बॉल लाइनकडंच टाकावा लागणार असतो, आणि तिथं आपला विंगर आधीच निघालेला असतो.

मग मोजायचं कशानं? पहिला हात खाल्लेल्या गोलांकडं जातो. मुंबई सिटीचं उदाहरण घ्या. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) साखळीत 2023-24 मध्ये त्यांनी 22 सामन्यांत 19 गोल खाल्ले, पुढच्या हंगामात 24 सामन्यांत 28. दबाव घटला म्हणून मोकळं व्हायला हरकत नाही, असं वाटतं. पण मधल्या काळात स्टॉपर राहुल भेके, नोगुएरा आणि परेरा डियाझ बंगळूरला गेले, आणि हाफ अपुइया मोहन बागानला. (मार्च 2025 मध्ये बाद फेरीत बंगळूरनंच मुंबईला पाच गोलनी हाणलं, हा त्यातला खास चिमटा.) स्टॉपर बदलला म्हणून गोल वाढले, की पुढची फळी धावेना म्हणून, हे त्या 19 आणि 28 मध्ये कुठंच लिहिलेलं नाही.

दबावच मोजणारा एक सोपा भागाकार विश्लेषक कॉलिन ट्रेनर यांनी 2014 सालीच सुचवला होता. समोरच्या टीमचे पास मोजा. त्याच काळात आपल्या टीमनं केलेले टॅकल, मध्येच तोडलेले पास, हुकलेले टॅकल आणि फाउल मोजा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. समजा त्यांचे 96 पास झाले आणि आपल्या 12 कृती, तर उत्तर 8. आकडा जितका लहान, तितका दबाव जास्त. यात आपल्या गोलकडचा 40 टक्के भाग सोडून द्यायचा, कारण स्वतःच्या दारात तर सगळेच अंगावर जातात.

हे 40 टक्के गॅलरीतून ओळखायचे कसे? मैदान 105 मीटरचं धरलं तर रेघ आपल्या गोललाइनपासून 42 मीटरवर येते, म्हणजे मधल्या रेषेच्या साडेदहा मीटर अलीकडं. मधल्या वर्तुळाची त्रिज्या 9.15 मीटर. तेव्हा वर्तुळाची आपल्या गोलकडची कड हीच साधारण आपली रेघ. तिच्या पुढं जे घडेल ते वहीत, मागं घडेल ते सोडा. दोघं बसा; एकानं पास धरायचे, दुसऱ्यानं आपली कृती. एकट्यानं दोन्ही केलं की गोल होतो तेव्हा आपण नेमके वहीत बघत असतो.

आता खरी गोम. हा भागाकार युरोपच्या पासिंग फुटबॉलसाठी शिवलेला आहे, आपल्याकडं तो काखेत काचतो. 1992 पासून बॅकपास गोलकीपरला हातात घेता येत नाही. 2019 पासून गोलकिक पेनल्टी एरियाच्या आतच स्वीकारता येते. त्यानंतर जगात बऱ्याच टीम मागूनच छोटे पास खेळू लागल्या, आणि त्यांच्या अंगावर जाणंही वाढलं. आपले गोलकीपर बहुतेक अजून लांबच मारतात. समोरच्यानं दोन पास केले आणि तिसरा थेट आपल्या स्टॉपरच्या डोक्यावर फेकला, तर त्याचे पास कमी भरणार. आकडा लहान येणार. वहीत दबाव प्रचंड, आणि मैदानावर आपला फॉरवर्ड कमरेवर हात ठेवून उभा! उलटंही होतं. गेल्या हंगामात तुमचा धाक बसला, म्हणून यंदा समोरचा बॉल खाली ठेवतच नाही. मग तुमच्या पोरांनी जायचं कुणाच्या अंगावर? ती उभी दिसतात, कारण जाण्यासारखं समोर कुणी राहिलेलं नाही.

तेव्हा वहीत आणखी एक रकाना ओढा : लांब बॉल. प्रत्येक लांब बॉलनंतर डोक्याला लागून खाली पडलेला बॉल कुणी उचलला, तेही लिहा. माझ्या मते आपल्या फुटबॉलचा दबाव तिथंच तपासावा. अपुइयासारखा माणूस जातो तेव्हा टीमचं नेमकं हेच जातं. गोल वाचवणारा परत मिळतो, पडलेला बॉल गोळा करणारा हाफ पटकन मिळत नाही.

आणि तुलना सारख्याची सारख्याशी हवी. दोन गोलनी पुढं असलेली टीम मागं बसणारच. मार्गदर्शकच तसं सांगतो. म्हणून शून्य-शून्य असतानाचीच मिनिटं धरा. डिसेंबरातली मॅच मे महिन्यातल्या उन्हातल्या मॅचशी लावू नका. गेल्या हंगामात ज्यांच्याशी खेळलात त्यांच्याशीच यंदाचा ताळा घ्या. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) लीगमुळं ते प्रतिस्पर्धी बहुधा पुन्हा समोर येतातच.

चिठ्ठीवाल्यांच्या टीमबद्दल माझं मत मागितलंय, तर सांगतो. पुढचे तिघं गेल्या वर्षीइतकेच धावतात. हाफ त्यांच्या मागं सरकत नाहीत. तिघं गेले, सात जण थांबले, आणि मध्ये समोरच्याला आरामात वळता येईल एवढी जागा. मार्गदर्शक आरिगो साकी एसी मिलानमध्ये पहिल्या फॉरवर्डपासून शेवटच्या बॅकपर्यंत साधारण 25 मीटरचं अंतर राखायला लावायचे, ते ह्याच जागेसाठी. तुमची नाराजी चुकीच्या पोरांवर आहे. शिव्या फॉरवर्डना पडतायत, उभे आहेत हाफ.

हाफ वर सरकले की बॅकनाही सरकावं लागतं, आणि त्यांच्या पाठीमागं मोकळं मैदान पडतं. ऑफसाइड ट्रॅप तिथूनच लागतो, तेव्हा पुढच्या वेळी तो नक्की. मधल्या आठवड्यात कुणी वही घेऊन बसलं तर लांब बॉलचा रकाना मला पाठवा. टीमचं नाव खोडून.