देवगिरी चढताना: ऊन, पाणी आणि मीठ

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागलं की पंधरा किलोमीटरच्या आसपास देवगिरीचा सुळका समोर येतो. वेरूळला निघालेले बरेच पर्यटक इथे तासभर थांबतात, चांदमिनारापाशी फोटो काढतात आणि ऊन बघून मागे फिरतात. साहसाची हौस असलेली आपल्याकडची पोरं स्कूबासाठी तारकर्ली गाठतात, बर्फासाठी मनाली गाठतात. त्यांना माझं सांगणं आहे की दारातली ही चढाई एकदा नीट समजून करा. गड चढणाऱ्याला कसा थकवतो आणि ऊन त्याच्या शरीराशी काय करतं, हे कळलं की देवगिरी फार वेगळा दिसतो.

आधी गड. यादव राजा भिल्लम पाचवा याने बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी वसवली. डोंगर पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच. त्याचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून काढलेला आहे, त्यामुळे सुमारे ५० मीटरचा सरळ उभा कडा तयार झाला. कड्याच्या पायाशी खडकात खोदलेला खंदक. म्हणजे दोर लावून चढण्याचा मार्ग कारागिरांनी छिन्नीनेच बंद केला. त्याआधी अंबरकोट, महाकोट, कालाकोट अशी तटबंदीची कडी ओलांडावी लागतात. दरवाजे एका रेषेत नाहीत. एकातून आत शिरलं की वळावं लागतं, वेग मोडतो, आणि वरून मारा करणाऱ्याला तुमची पाठ मिळते. दारांवर हत्तीच्या कपाळासाठी लोखंडी खिळे ठोकलेले आहेत.

खंदकापलीकडे अंधेरी लागते. डोंगराच्या पोटातून वर जाणारा हा वळणावळणाचा काळोखी जिना गडाचा सर्वांत हुशार भाग आहे असं मला वाटतं, कारण तो माणसाच्या डोळ्यालाच फसवतो. लख्ख उन्हातून आत शिरलेल्या डोळ्याला काळोखाची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मंद प्रकाशात काम करणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य उन्हाने विरलेलं असतं आणि ते हळूहळूच भरून येतं. आत आधीपासून दबा धरून बसलेल्या पहारेकऱ्याला सगळं दिसतं, शत्रूला काहीच दिसत नाही. आपणही अंधेरीच्या तोंडाशी पोचलो की घाई करू नये. सावलीत थांबून मिनिट-दोन मिनिटं डोळे मिटावेत, मग विजेरी पायाशी धरून चालावं. पायऱ्या उंच-सखल आहेत आणि वटवाघळांच्या विष्ठेने निसरड्या होतात. विजेरी छताकडे रोखू नका, वटवाघळं बिथरतात. एक चांगली गोष्ट म्हणजे इथला दगड उन्हापासून आत खोल असल्याने मे महिन्यातही गार असतो. दमलेल्या शरीराला तो फुकट मिळणारा विसावा आहे.

आता शरीराचा हिशेब मांडू. सत्तर किलो वजनाचा माणूस २०० मीटर वर चढतो तेव्हा प्रत्यक्ष उचलण्याचं काम साधारण १३७ किलोज्यूल होतं. पण स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे सुमारे ४०० किलोज्यूल उष्णता अंगात साठते आणि ती बाहेर टाकावी लागते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण सुकला तर जवळपास २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. त्या हिशेबाने निव्वळ चढण्यापायी पावणेदोनशे मिलिलिटर घाम पुरतो. पेलाभर!

मग माणसं अर्ध्यावर डोकं धरून का बसतात? कारण पायऱ्यांपेक्षा ऊन भारी पडतं. भर दुपारी सूर्याकडून थेट येणारी, तापलेल्या पायऱ्यांवरून परतणारी आणि कड्याच्या काळ्या बेसाल्टमधून सुटणारी उष्णता मिळून चढाईच्या कष्टाच्या उष्णतेला सहज मागे टाकते. शिवाय हवा चाळीस अंशांवर गेली की वाराही गारवा देत नाही, उलट तापवतो, कारण त्वचेचं तापमान पस्तीसच्या आसपास असतं. तिथून पुढे शरीराकडे घाम सुकवणे हा एकच उपाय उरतो. माठातलं पाणी जसं गार होतं, तसंच.

मराठवाड्याची हवा कोरडी आहे, त्यामुळे हा उपाय इथे फार छान चालतो. कोकणात घाम निथळतो, कपडे चिंब होतात, पण निथळलेला घाम गारवा देत नाही. इथे घाम फुटल्याफुटल्या उडून जातो. यातच धोका आहे. अंग कोरडं दिसतं, आपल्याला वाटतं घाम आलाच नाही, आणि तासाभरात लिटरभर पाणी निघून गेलेलं असतं. शर्टावर पांढरे पट्टे उमटले की समजा, पाण्याबरोबर मीठही गेलं. म्हणून या मुलखातला शेतकरी डोक्याला रुमाल गुंडाळतो आणि पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा घालतो. अंगावर ऊन थेट पडू द्यायचं नाही आणि वारा मात्र आत खेळू द्यायचा, हे त्यामागचं शहाणपण. उपरणं भिजवून मानेभोवती टाकलं तर कोरड्या हवेत त्याचा फरक लगेच जाणवतो.

या सगळ्यातून एकच गोष्ट निघते: देवगिरीसाठी सर्वांत महत्त्वाचं साधन घड्याळ आहे. दंडात किती जोर आहे याला फार महत्त्व नाही. सकाळी आठ आणि संध्याकाळी साडेचार या वेळांना सूर्य आकाशात फार वेगळ्या उंचीवर नसतो, पण सकाळी दगड रात्रभर निवलेला असतो, तर संध्याकाळी तो दिवसभराची धग ओकत असतो. हवाही दुपारी तीन-चारच्या सुमारास सर्वाधिक तापते. गड उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि दार उघडताना तिथे हजर राहा. आधी गड, मग वेरूळ असा क्रम लावा. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हेही ध्यानात असू द्या. एप्रिल-मेमध्ये उशीर झालाच, तर महाकोटातली तोफांची रांग, हत्ती हौद आणि भारतमाता मंदिर पाहून परत फिरण्यात कमीपणा नाही.

पाणी माणशी दोन लिटर घ्यावं. निघण्याआधी अर्धा लिटर पोटात जाऊ द्यावं आणि मग पंधरा-वीस मिनिटांनी घोट-घोट प्यावं. तहान उशिरा लागते, तिच्यावर विसंबू नये. पण नुसतंच पाणी ढोसणंही बरं नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं. एक बाटली मीठ-साखरेच्या पाण्याची ठेवा: लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर इथे चवीपुरती नसते. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच दारातून जोडीने आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महलानबीस यांनी याच तत्त्वावरच्या पाण्याने पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. लिंबू पिळलं तर पोरंही आवडीने पितात.

मिठावरून देवगिरीचीच गोष्ट आठवते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने वेढा घातला तेव्हा धान्याची म्हणून गडावर नेलेली पोती मिठाची निघाली, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. यादव राजा रामदेवरायाला तह करावा लागला. १६३३ मध्ये मोगलांनी सुरुंग लावून खालचे कोट फोडले, तरी बालेकिल्ला पडला तो आतला दाणागोटा संपल्यामुळे. साठ्याचा हिशेब चुकला की हा डोंगर कुणालाच साथ देत नाही.

चालण्याची गती अशी ठेवा की सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. बोलताना धाप लागली की थांबा. अंधेरीनंतर गणपतीचं देऊळ आहे, तिथे बसा. पुढे शाहजहानच्या काळातली बारादरी, तिथल्या कमानींत वारा लागतो. माथ्यावर जनार्दनस्वामींचं स्थान आहे. ते या गडाचे किल्लेदार होते, आणि पैठणचे एकनाथ त्यांच्याकडे शिकायला इथेच आले. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीचं दुखणं चढण्याचं नसून उतरण्याचं असतं. पावलं आखूड टाका, सपाता घालून येऊ नका. कड्यावर आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर, धूर आणि आरडाओरडा वर्ज्य. वानरांसमोर खाऊ काढू नका.

थंड देशांतून सुट्टीला आलेल्या आपल्या नातलगांना पहिल्याच दिवशी गडावर नेऊ नका. उन्हाला सरावायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून जाणारं मीठ कमी होतं. चक्कर, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आले तर सावली, पाणी, मीठ-साखर आणि विश्रांती पुरते. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. १०८ ला फोन लावा आणि रुग्णवाहिकेची वाट न बघता त्याला सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका.

देवगिरी नीट जमला की अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे वळा. सोयगावजवळचा वेताळवाडी, कन्नड तालुक्यातला अंतूर, गौताळ्याच्या रानातल्या वाटा. तिथे तिकीटखिडकी नाही आणि वाटेत पाणी विकणारंही कुणी भेटेल असं नाही. पावसाळा सरल्यावर ते फेब्रुवारीपर्यंतच जा, पायथ्याच्या गावातला वाटाड्या सोबत घ्या आणि त्याला त्याची मजुरी द्या. कुठल्या वाटेने जातोय आणि कधी परतणार, हे घरी सांगून निघा, आणि रिकाम्या बाटल्या स्वतःच्या पिशवीतून खाली आणा.