लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडले, पण दोन्हीवर चित्र एकच? केबल घेण्याआधी हे वाचा

माझा एक मित्र हिशेबाची कामं करतो. रिटर्न भरायचे दिवस आले की त्याच्या लॅपटॉपच्या एवढ्याशा स्क्रीनवर एकीकडे टॅली, एकीकडे जीएसटीचं पोर्टल आणि मध्ये बिलांच्या पीडीएफ. दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत उड्या. एकदा चुकून एका गिऱ्हाइकाचा आकडा दुसऱ्याच्या रिटर्नमध्ये गेला, तेव्हा त्यानं ठरवलं की आता बस, दोन मॉनिटर घ्यायचेच.

मॉनिटर आले. लॅपटॉपच्या यूएसबी-सी पोर्टात लावायचा एक हबही आला, ज्याला एचडीएमआयची दोन भोकं होती. दोन भोकं, दोन मॉनिटर, हिशेब सरळ! जोडलं तर काय, दोन्ही मॉनिटरवर अगदी तंतोतंत एकच चित्र. एकावर माऊस हलवला की दुसऱ्यावरही हलतोय. सेटिंग्ज उलटसुलट करून झाली, लॅपटॉप चार वेळा बंद-चालू करून झाला, शेवटी मॉनिटरच खराब आहे म्हणून दुकानदाराशी वादही घालून झाला.

मॉनिटर ठणठणीत होते. लॅपटॉपही ठणठणीत होता. चुकला होता तो फक्त 'दोन भोकं म्हणजे दोन चित्रं' हा हिशेब. हीच चूक रोज कितीतरी जण करतात आणि पैसे घालवून बसतात. म्हणून नीट समजून घेऊया की लॅपटॉपला एकापेक्षा जास्त मॉनिटर जोडायचे म्हणजे नेमकं काय काय लागतं.

पहिला प्रश्न : तुमचा लॅपटॉप मुळात किती चित्रं बनवू शकतो?

मॉनिटर स्वतः काही करत नाही, त्याला जे पाठवाल ते तो दाखवतो. चित्र तयार करतो लॅपटॉपमधला ग्राफिक्सचा भाग. तो एका वेळी किती वेगवेगळी चित्रं बाहेर पाठवू शकतो, याची मर्यादा कारखान्यातच ठरलेली असते. कुठलाही हब ती वाढवू शकत नाही.

उदाहरणार्थ, इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरमधलं ग्राफिक्स एकूण ३ डिस्प्ले चालवतं. अकराव्या पिढीपासून ही संख्या ४ झाली. पण यात एक गोम आहे. लॅपटॉपची स्वतःची स्क्रीनही या हिशेबात धरली जाते. म्हणजे ३ ची मर्यादा असेल तर बाहेरचे मॉनिटर २.

मॅकबुक वापरणाऱ्यांनी तर हे आधी तपासायलाच हवं. एम १ आणि एम २ चिपवाला मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो. एम ३ च्या एअरवर दोन चालतात, पण लॅपटॉपचं झाकण बंद ठेवलं तरच. एम ४ च्या एअरपासून झाकण उघडं ठेवूनही दोन मॉनिटर चालू लागले. 'प्रो' आणि 'मॅक्स' नावाच्या चिपांची गोष्ट वेगळी आहे. एम १ प्रो चिप बाहेरचे दोन आणि एम १ मॅक्स चार डिस्प्ले चालवते.

तुमच्या लॅपटॉपचा पूर्ण मॉडेल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका आणि तांत्रिक माहितीत किती बाह्य डिस्प्ले चालतात ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढची सगळी खरेदी यावर ठरते.

दुसरा प्रश्न : पोर्ट कोणते आहेत?

एचडीएमआय ओळखायला सोपा. टीव्हीला लावतो तोच. एका एचडीएमआय पोर्टातून एकच चित्र बाहेर पडतं, हे लक्षात ठेवा.

खरा गोंधळ आहे यूएसबी-सी चा. यूएसबी-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव आहे. त्या भोकामागे काय जोडलंय, हे लॅपटॉप बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. काही लॅपटॉपमध्ये त्यातून फक्त फाइल आणि पेन ड्राइव्हचा डेटा जातो. काहींमध्ये चार्जिंगही होतं. आणि काहींमध्येच चित्र बाहेर पडतं. या शेवटच्या सोयीला डिस्प्लेपोर्ट ऑल्टरनेट मोड म्हणतात. पोर्टाशेजारी 'डी' आणि 'पी' ही अक्षरं एकमेकांत गुंफलेलं चिन्ह असेल तर चित्र मिळेल. छोट्या विजेच्या बाणाचं चिन्ह बहुतेक वेळा थंडरबोल्टचं असतं, म्हणजे चित्र तर मिळेलच, शिवाय वेगही दणदणीत. चिन्हच नसेल तर अंदाज बांधू नका, मॉडेलची माहिती बघा.

आणि जुना, चौकोनी यूएसबी? त्यातून थेट चित्र येत नाही. त्यावर एक वेगळा उपाय आहे, तो पुढे बघू.

एकाच पोर्टातून दोन मॉनिटर कसे चालवायचे?

दुकानात सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण दिसायला सारख्याच वाटणाऱ्या चार वस्तू असतात आणि चौघींचं काम वेगळं असतं.

पहिली वस्तू म्हणजे एचडीएमआय स्प्लिटर. ही झेरॉक्स मशीन समजा. एक चित्र घेते आणि त्याच्या दोन प्रती काढते. दुकानात तीन टीव्हीवर एकच जाहिरात दाखवायची असेल तर उत्तम. पण दोन मॉनिटरवर दोन वेगळी कामं करायची असतील तर काडीचा उपयोग नाही. बरेचसे स्वस्त दोन-एचडीएमआय हबही आतून असेच असतात. माझ्या मित्राचा हब यातलाच होता.

दुसरी वस्तू म्हणजे एमएसटी हब. डिस्प्लेपोर्टच्या १.२ आवृत्तीपासून एका केबलमधून अनेक वेगवेगळी चित्रं पाठवायची सोय आली. तिला मल्टी-स्ट्रीम ट्रान्सपोर्ट, म्हणजेच एमएसटी म्हणतात. एकाच एसटीत दोन गावांचे प्रवासी बसावेत आणि फाट्यावर वेगवेगळे उतरावेत, तसं हे आहे. हब हा तो फाटा. विंडोजवर हे छान चालतं. पण मॅकओएस या पद्धतीनं दोन वेगळे डेस्कटॉप देत नाही, त्यामुळे मॅकला एमएसटी हब लावला की दोन्ही मॉनिटरवर पुन्हा एकच चित्र दिसतं.

तिसरी वस्तू म्हणजे थंडरबोल्ट डॉक. थंडरबोल्ट ३ आणि ४ चा वेग सेकंदाला ४० गिगाबिटपर्यंत जातो. थंडरबोल्ट ४ चा शिक्का असलेल्या पीसीला दोन ४के डिस्प्ले चालवता यायलाच हवेत, असा नियम आहे. डॉक महाग असतो, पण एक केबल लावली की मॉनिटर, कीबोर्ड, इंटरनेट, चार्जिंग सगळं जोडलं जातं. मात्र लॅपटॉपचं पोर्टही थंडरबोल्टचं हवं, नाहीतर महागड्या डॉकचा पूर्ण फायदा मिळत नाही.

चौथी वस्तू म्हणजे डिस्प्लेलिंक अडॅप्टर. लॅपटॉपमध्ये चित्राचा पोर्ट नसेल किंवा मर्यादा संपली असेल, तर ही पळवाट. यात एक सॉफ्टवेअर टाकावं लागतं. ते स्क्रीनचं चित्र दाबून लहान करतं आणि साध्या डेटासारखं यूएसबीतून पाठवतं. अडॅप्टरमधली चिप ते पुन्हा उलगडून मॉनिटरला देते. जुन्या चौकोनी यूएसबीतूनही हे जमतं आणि एम १ मॅकबुक एअरलाही यामुळे दुसरा मॉनिटर मिळतो.

पण फुकट काहीच नसतं. हे काम लॅपटॉपच्या प्रोसेसरवर पडतं. एक्सेल, ईमेल, टॅली यांना काही फरक पडत नाही. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना मात्र अडखळल्यासारखं वाटू शकतं. कॉपी-संरक्षण असलेले ओटीटीवरचे सिनेमे अशा मॉनिटरवर बऱ्याचदा काळे दिसतात. मॅकवर या सॉफ्टवेअरला 'स्क्रीन रेकॉर्डिंग'ची परवानगी द्यावी लागते, ते बघून घाबरू नका, स्क्रीनचं चित्र घेतल्याशिवाय ते पाठवणार तरी काय? फक्त सॉफ्टवेअर अधिकृत साइटवरूनच घ्या. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी आयटी विभागाला विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायला बंदी असते.

४के मॉनिटर घेतला, पण माऊस अडखळत का चालतो?

बहुतेक वेळा कारण एकच असतं. चित्र सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळाच बदलतंय.

गणित करून बघा. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट. ४के मध्ये ठिपके बरोबर चौपट, म्हणून सुमारे १२ गिगाबिट.

आता यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान तारांच्या चार वाटा असतात. हबला पेन ड्राइव्हसाठी वेगवान यूएसबीही द्यायचं असेल, तर दोन वाटा तिकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या दोन वाटांतून ८.६४ गिगाबिट चित्र जातं. त्यात १२ कसे मावणार? मग लॅपटॉप चित्रांची संख्या निम्मी करतो, गरज ६ वर येते आणि ती मावते. लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे असतील तर दोन वाटांतून १२.९६ गिगाबिट जातात आणि ४के ६० हर्ट्झवर जेमतेम बसतं.

एचडीएमआयचंही तसंच. १.४ आवृत्तीत ४के फक्त ३० हर्ट्झला मिळतं, ६० साठी २.० लागतं. म्हणून खोक्यावर नुसतं '४के' वाचून खूश होऊ नका, शेजारी '६० हर्ट्झ' लिहिलंय का ते बघा.

याच गणिताची चांगली बाजूही आहे. दोन फुल एचडी मॉनिटर त्या ८.६४ मध्ये आरामात बसतात. हिशेबाच्या, लिखाणाच्या कामाला दोन फुल एचडी मॉनिटर पुरेसे असतील, तर ४के च्या मागे लागून हब, केबल सगळंच महाग करून घेऊ नका.

केबलकडे दुर्लक्ष करू नका

मोबाइलच्या चार्जरसोबत आलेली यूएसबी-सी केबल लावली आणि मॉनिटरवर काहीच आलं नाही, तर नवल नाही. अशा बऱ्याच केबलमध्ये चार्जिंगच्या आणि जुन्या, संथ यूएसबीच्या ताराच असतात. चित्राच्या वाटाच नसतात. मॉनिटरसोबत आलेली केबल आधी वापरून बघा.

दुसरं म्हणजे, अडॅप्टर बहुधा एकाच दिशेनं चालतो. लॅपटॉपच्या डिस्प्लेपोर्टातून मॉनिटरच्या एचडीएमआयकडे नेणारी केबल उलटी लावून चालत नाही. लॅपटॉपला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट असेल, तर त्यासाठी वेगळा, वीज लागणारा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. लॅमिंग्टन रोडला जा किंवा पुण्यात तापकीर गल्लीत, दुकानदाराला 'लॅपटॉपकडून हे, मॉनिटरकडे ते' अशी दिशा सांगूनच केबल मागा.

जोडलं, आता पुढे काय?

विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबा आणि 'एक्स्टेंड' निवडा. 'डुप्लिकेट' निवडलेलं असेल तर सगळीकडे एकच चित्र दिसेल. मग 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'डिस्प्ले' इथे जा. 'आयडेंटिफाय' दाबलं की प्रत्येक मॉनिटरवर त्याचा नंबर दिसतो. टेबलावर मॉनिटर ज्या क्रमानं ठेवलेत, त्याच क्रमानं ते चौकोन ओढून लावा. हे केलं नाही तर माऊस डावीकडे न्यायला जाल आणि तो भिंतीला धडकल्यासारखा थांबेल. तिथेच 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'मध्ये ६० हर्ट्झ निवडलंय का तेही बघा.

एक उपयोगी युक्ती सांगतो. विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबला की उघडी खिडकी थेट शेजारच्या मॉनिटरवर जाते.

थोडक्यात, खरेदीचा क्रम

१. लॅपटॉप किती बाह्य डिस्प्ले चालवतो ते मॉडेल नंबरवरून बघा.
२. कोणत्या पोर्टातून चित्र बाहेर पडतं ते शोधा.
३. जितकी चित्रं हवीत तितके पोर्ट लॅपटॉपलाच असतील, तर हब घेऊच नका.
४. पोर्ट कमी असतील तर विंडोजसाठी एमएसटी हब किंवा थंडरबोल्ट डॉक, आणि मर्यादाच आडवी येत असेल तर डिस्प्लेलिंक.
५. ऑनलाइन घेताना परत करायची मुदत बघा आणि वस्तू आली त्याच दिवशी दोन्ही मॉनिटर लावून तपासा.

तिसरा मुद्दा वाचून सोपा वाटेल, पण माझ्या मित्राचं घोडं तिथेच अडलं होतं. त्याच्या लॅपटॉपला स्वतःचा एक एचडीएमआय पोर्ट होता, आणि तो मोकळाच पडला होता! एक मॉनिटर त्या पोर्टात लावला, दुसरा हबच्या एका भोकात. दोन मिनिटांत दोन्हीवर वेगळी चित्रं, एक रुपयाही जास्तीचा खर्च नाही. हबचं दुसरं भोक आजही रिकामं आहे. आणि दुकानदाराकडे जाऊन त्यानं आधी झालेल्या वादाबद्दल माफीही मागितली.