ओळख आणि वशिला

सोलापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात भरलेल्या रोजगार मेळाव्याला जाण्याचा योग मला मागे एकदा आला, तो तेथील एका प्राध्यापक मित्राच्या आग्रहामुळे आणि काहीसा निवृत्त माणसाच्या रिकाम्या कुतूहलामुळे. नोंदणीच्या टेबलापुढे सकाळी साडेनऊपासूनच रांग लागलेली होती. नुकत्याच इस्त्री केलेले आणि काहींच्या बाबतीत उघडच थोरल्या भावाचे असलेले पांढरे सदरे, हातात प्लॅस्टिकची फाइल आणि फाइलीत बायोडाटाच्या दहा-दहा झेरॉक्स प्रती, असा एकंदर थाट होता. दीपप्रज्वलन, सत्कार आणि पाच भाषणे यांत पावणेदोन तास गेले; आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ती मुले तेवढा वेळ फाइलींतले कागद पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्या मांडीवर दाबून बसली होती.

संध्याकाळी परत निघालेल्या वाणिज्य शाखेच्या एका मुलाला मी विचारले, "काय मिळाले?" त्याने खांद्यावरची कापडी पिशवी उघडून दाखवली. आत अकरा माहितीपत्रके, तीन पेने आणि एका बँकेची किल्ली अडकवण्याची साखळी होती. "बाकी कळवतो म्हणाले," तो म्हणाला. हा ‘कळवतो’ म्हणजे रोजगार मेळाव्याच्या बोलीतला सर्वांत सभ्य नकार, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात किती कंपन्या आल्या, किती उमेदवारांनी हजेरी लावली आणि किती जणांची ‘प्राथमिक निवड’ झाली, याचे आकडे छापून आले. आकड्यांत न बसणारी जी काही प्राप्ती या मुलांच्या पदरात पडते, तिच्याविषयी मला लिहायचे आहे.

एके काळी हा व्यवहार सरकारी दफ्तरातून होत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेतून मोकळ्या झालेल्या सैनिकांची सोय लावण्यासाठी १९४५ साली सेवायोजन कार्यालये निघाली, पुढे ती सर्वांना खुली झाली, आणि १९५६ च्या नोव्हेंबरपासून त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांच्या स्वाधीन झाला. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर, तसेच पंचवीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खाजगी आस्थापनांवर, आपल्याकडील रिकाम्या जागा या कार्यालयांना कळवण्याची सक्ती केली. मौज अशी, की सक्ती जागा कळवण्यापुरतीच होती. कार्यालयाने धाडलेला उमेदवार नेमलाच पाहिजे, असे त्या कायद्यात कोठेही म्हटलेले नव्हते. आमच्या पिढीने त्या कार्यालयाच्या खिडकीशी कार्डाचे नूतनीकरण करण्यात आणि ‘कॉल’ची वाट पाहण्यात बरीच वर्षे घालवली. पण त्या खिडकीशी एक सुख होते: तेथे उमेदवाराला बोलावे लागत नसे, त्याच्या वतीने त्याचे कार्ड बोलत असे.

मेळाव्यात ही सोय नाही. समोरच्या खुर्चीतला माणूस फाइल बाजूला सारतो आणि म्हणतो, "बोला, स्वतःविषयी सांगा." पंधरा-सोळा वर्षे प्रश्नपत्रिकेची उत्तरे लिहिण्यात ज्याचा हात तयार झाला, त्याची जीभ या एका वाक्यापुढे लुळी पडते. परीक्षेत त्याला कधी कोणी स्वतःविषयी विचारलेलेच नसते.

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करणारी सांगोल्याकडची एक मुलगी मी त्या दिवशी सकाळपासून पाहत होतो. पहिल्या टेबलावर तिने आपले नाव सांगितले, "एम.एस्सी. बॉटनी, सर," असे म्हटले आणि गुणपत्रिका पुढे केली. टेबलामागच्या गृहस्थांनी ती पाहून परत दिली. दुसऱ्या टेबलावरही तेच झाले. फक्त या खेपेस गुणपत्रिकेबरोबर वक्तृत्व स्पर्धेची दोन प्रशस्तिपत्रेही पुढे गेली. तिसरे टेबल रोपे तयार करणाऱ्या एका कंपनीचे होते, आणि तेथील बाईंनी, बहुधा दुपारच्या कंटाळ्यामुळे, जरा वेगळा प्रश्न केला: "घरी शेती आहे का?" मुलगी म्हणाली, "आमच्याकडं डाळिंबाची बाग आहे, मॅडम. दोन वर्षं तेल्या पडला. म्हणून मी प्रोजेक्टला तेच घेतलं. आमच्याच बागेतली पानं नेऊन त्यातले जिवाणू वेगळे काढले." बाईंनी पेनाचे टोपण लावले, खुर्ची पुढे ओढली, आणि पुढची दहा मिनिटे त्या दोघी माध्यम कसे तयार केले, निर्जंतुकीकरणाला काय वापरले, किती बशा बुरशी लागून वाया गेल्या, याविषयी बोलत राहिल्या. चौथ्या टेबलाशी गेल्यावर तिने फाइल उघडलीच नाही. "आमच्याकडं डाळिंबाची बाग आहे," इथूनच सुरुवात केली.

माझ्या मते त्या दिवशी त्या मंडपात घडलेले सर्वांत मोलाचे शिक्षण ते हेच. दोन वर्षे जे काम ती करत आली होती ते सांगण्यासारखे आहे, याचा पत्ता तिला तोवर लागलेला नव्हता. आणि तो लागायला अपरिचित माणसांच्या चार टेबलांपुढून जावे लागले. वर्गातले शिक्षक हे करू शकत नाहीत, कारण त्यांना तिचा प्रोजेक्ट आधीच ठाऊक असतो.

दुसरी प्राप्ती साधी, पण अत्यंत उपयोगाची: व्यवहारातले शब्द कळतात. शिकाऊ उमेदवारी आणि नोकरी यांतला भेद पदवीधर मुलांपैकी पुष्कळांना ठाऊक नसतो. शिकाऊ उमेदवारी ही १९६१ च्या कायद्याखाली चालते, विद्यावेतन देते आणि मुदत संपली की संपते. पुढे कायम करण्याचे बंधन, करारात तसे लिहिले नसेल तर, मालकावर नसते. राज्य शासनाची २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना पदवीधराला सहा महिने दरमहा १०,००० रुपये देणारी म्हणून जाहीर झाली, तीही प्रशिक्षणाचीच; नेमणुकीची नव्हे. तेव्हा हुद्दा कोणता, मुदत किती, हातात पडणारा पगार किती, हे तीन प्रश्न टेबलाशी उभे राहून विचारण्याचे धैर्य जरी मुलाने घरी नेले, तरी दिवस सत्कारणी लागला. आणि रुजू होण्याआधी जो अनामत म्हणून पैसे मागतो, त्याच्यापुढून उठावे.

पालकांची मात्र या साऱ्यावर एकच टीका असते: "सगळं आधीच ठरलेलं असतं, वशिला लागतो." ही टीका सर्वस्वी खोटी म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु आपण वशिला आणि ओळख हे दोन शब्द एकाच पिशवीत टाकतो, तेथे घोटाळा होतो. वशिल्यात दुसऱ्याचे वजन आपल्या पारड्यात पडते. ओळखीतून येते ती बातमी. अमुक ठिकाणी जागा निघते आहे, तमुक प्रयोगशाळेत तुझ्यासारखे काम चालते, एवढेच ती सांगते. जाऊन उभे आपल्यालाच राहायचे असते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन येथील, नुकतीच नोकरी बदललेल्या सुशिक्षितांची पाहणी करून १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ज्यांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांपैकी १६.७ टक्के लोकांचीच त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर गाठ पडत असे; ५५.६ टक्क्यांची अधूनमधून, तर २७.८ टक्क्यांची क्वचितच. कारण उघड आहे. आपल्या घरच्यांना आणि जिवलग मित्रांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही असते. नवी बातमी आणतो तो लांबचा माणूस.

गावच्या मुलाची अडचण नेमकी येथे आहे. मोठ्या शहरातल्या सुखवस्तू घरातील मुलाला असे लांबचे लोक लग्नकार्यात, सोसायटीच्या जिन्यात, वडिलांच्या कचेरीत आपोआप भेटतात. सांगोल्याच्या मुलीला ते एक दिवस मंडप घालून भेटवावे लागतात. त्या रोपांच्या कंपनीत तिला जागा मिळाली नाही, हे मित्राने मला पुढे कळवले. मात्र त्या बाईंनी दिलेल्या क्रमांकावर तिने आठवड्याने फोन केला, तेव्हा त्यांनी तिला आणखी एका प्रयोगशाळेचा पत्ता दिला, आणि तेथे ती आता शिकाऊ म्हणून रुजू आहे.

म्हणून प्राचार्यांना एक विनंती आहे. पुढच्या मेळाव्याची निमंत्रणपत्रिका छापाल तेव्हा प्रमुख पाहुण्यांची यादी निम्म्यावर आणा, आणि वाचलेल्या पैशात गेल्या चार-पाच वर्षांत बाहेर पडलेले आपलेच पंधरा-वीस विद्यार्थी, कोणी पुण्याच्या कारखान्यात असेल, कोणी गावातच रोपवाटिका काढून बसला असेल, त्यांना जाण्यायेण्याचे भाडे देऊन बोलवा. त्यांचा सत्कार करू नका, त्यांना भाषणही सांगू नका. प्रत्येकाला एक टेबल द्या, आणि त्यापुढे दोन रिकाम्या खुर्च्या ठेवा.