कोलेस्टेरॉलची गोळी आणि गळवातले जंतू

स्टॅटिन गटातील औषधे यकृतातील एचएमजी-सीओए रिडक्टेज या विकराचे काम रोखतात. शरीरात कोलेस्टेरॉल तयार होण्याच्या लांबलचक साखळीतली ही सुरुवातीची पायरी. ती अडली की यकृत रक्तातले एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) जास्त प्रमाणात ओढून घेते आणि रक्तातली पातळी उतरते. ॲटोर्वास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिनची गोळी रोज घेणारी माणसे आता सोलापूर-विजयपूर रस्त्यावरच्या मंद्रूपसारख्या गावातही सहज भेटतात. त्यांच्यापैकी अनेकांना मधुमेहही असतो. उसाच्या फडात पायाला काहीतरी लागते, जखम चिघळते, पू धरतो. अशा वेळी हृदयासाठी चालू असलेली ही गोळी जंतूंशी झुंजणाऱ्या शरीराला हात देते की त्याच्या आड येते, या प्रश्नावर गेली पंचवीसेक वर्षे संशोधन चालू आहे.

या औषधांचा उगमच मुळी सूक्ष्मजीवांच्या भांडणात आहे. जपानमधील सांक्यो कंपनीतले अकिरा एंडो हे पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांच्या चरित्राने भारावलेले संशोधक होते. त्यांचा तर्क असा, की बुरशीला आपल्या शेजारच्या सूक्ष्मजीवांना नामोहरम करायचे असेल, तर त्यांचे स्टेरॉल, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या कुळातले द्रव्य, बनू न देणारे एखादे रसायन ती बनवत असली पाहिजे. १९७१पासून दोन वर्षे त्यांनी सहा हजारांहून अधिक बुरश्या आणि इतर सूक्ष्मजीव तपासले. शेवटी क्योटोमधल्या तांदळावर सापडलेल्या पेनिसिलियम सिट्रिनम या निळसर-हिरव्या बुरशीत कॉम्पॅक्टिन हे पहिले स्टॅटिन मिळाले. पुढे १९७६मध्ये इंग्लंडच्या बीचम कंपनीतल्या संशोधकांनाही दुसऱ्या एका पेनिसिलियममध्ये तेच रसायन सापडले, तेही बुरशीनाशक म्हणून. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन मिळवले. तेही बुरशीच्या पेशीतल्या स्टेरॉलवरच घाव घालते. स्टेरॉल ही सूक्ष्मजीवांच्या जगातली जुनी रणभूमी आहे, आणि हृदयविकाराचे औषध तिथूनच उचलून आणलेले आहे.

बाकी इतिहास सर्वांना ठाऊक असावा असा. लोव्हास्टॅटिनला १९८७मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. १९९४मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरील स्कँडिनेव्हियन चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले आणि ही औषधे जगभर पसरली.

जीवाणूंना स्टॅटिन थेट मारते का? प्रयोगशाळेच्या बशीत काही प्रमाणात मारते, पण त्यासाठी लागणारी मात्रा रुग्णाच्या रक्तात असते त्याच्या हजारो पट असते. ई. कोलायसारख्या अनेक जीवाणूंकडे ही रासायनिक साखळीच नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियसकडे ती आहे, पण त्याच्या विकराची घडण वेगळी असल्याने स्टॅटिन तिथे नीट बसत नाही. म्हणजे गोळीचा जो काही परिणाम असेल, तो जंतूवर नसून माणसाच्या पेशींवर असतो.

आता या विषयातला सर्वात देखणा भाग. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गळवाचा, करटाचा, चिघळलेल्या जखमेचा नेहमीचा जंतू. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षांच्या घडासारखा दिसतो आणि बशीत वाढवला की त्याच्या वसाहती सोनेरी होतात. हा रंग नुसता शोभेचा नाही. जखमेकडे धावणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूला गिळून त्याच्यावर ऑक्सिजनच्या जहाल संयुगांचा मारा करतात. स्टॅफिलोझँथिन नावाचे सोनेरी द्रव्य हा मारा शोषून घेते आणि जंतू वाचतो. २००८मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की हे द्रव्य बनवणारे जंतूचे विकर आणि माणसात कोलेस्टेरॉल बनवणारे स्क्वालीन सिंथेज हे विकर यांची घडण खूपच सारखी आहे. मग कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी तयार केलेले, पण स्टॅटिन नसलेले एक जुने रसायन जंतूवर वापरून पाहिले गेले. वसाहती पांढऱ्या पडल्या, माणसाच्या रक्तात ते जंतू अधिक मरू लागले आणि उंदरांमधला संसर्ग ओसरला. जंतू न मारता त्याची ढाल काढून घेण्याची ही कल्पना प्रतिजैविकांना निर्ढावलेल्या जंतूंच्या काळात फार मोलाची आहे. तिच्यावर याहून कितीतरी अधिक काम व्हायला हवे.

न्यूट्रोफिलकडे आणखी एक अस्त्र आहे, ते बर्लिनच्या संशोधकांनी २००४मध्ये दाखवून दिले. ही पेशी स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याचे चिकट जाळे पसरते आणि त्यात जंतू अडकतात. कॅलिफोर्नियात सॅन दिएगो येथील व्हिक्टर निझेट यांच्या प्रयोगशाळेने २०१०मध्ये हेच जाळे स्टॅटिनच्या संदर्भात तपासले. निष्कर्ष चकित करणारा होता. स्टॅटिन दिलेल्या पेशी जंतू कमी गिळत होत्या, त्यांचा ऑक्सिजनचा माराही मंदावला होता, तरीही त्या अधिक जंतू मारत होत्या, कारण त्या अधिक जाळी टाकत होत्या. स्टॅटिन दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसातूनही स्टॅफिलोकॉकस लवकर हटला. मात्र २००५मधल्या एका प्रयोगात लोव्हास्टॅटिन दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसातून क्लेबसिएला हा जंतू नीट हटेना, कारण न्यूट्रोफिलच तिथे कमी पोचत होत्या. औषध एकाच गटातले, प्राणी एकच, पण जंतू बदलला तर निकाल उलटा.

असे होण्याचे कारण त्या रासायनिक साखळीतच आहे. तिच्यातून कोलेस्टेरॉलखेरीज छोट्या चरबीच्या शेपट्याही तयार होतात. ऱ्हो आणि रॅक या प्रथिनांना त्या चिकटल्याशिवाय ती पेशीच्या आवरणावर जागा घेत नाहीत, आणि पेशीचे सरकणे, गिळणे, दाह पेटवणे हे सगळे या प्रथिनांच्या हाती असते. स्टॅटिनमुळे शेपट्या कमी पडतात आणि दाह थोडा निवतो. अति भडकलेल्या दाहात हे हिताचे, पण सुरुवातीच्या झुंजीत अहिताचे ठरू शकते. शिवाय एलडीएल हा निव्वळ खलनायक नाही. त्याचे कण जीवाणूंची विषे बांधून ठेवतात, आणि त्यातले अपोलिपोप्रोटीन-बी स्टॅफिलोकॉकसच्या आपसातल्या संदेशांत अडथळा आणते, हे २००८मध्ये उंदरांत दिसले आहे.

माणसांतले पुरावे सुरुवातीला आशादायक वाटले. २००१मध्ये वॉशिंग्टनमधून आलेल्या अहवालात रक्तात जंतू शिरलेल्या ३८८ रुग्णांपैकी स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू ६ टक्के, तर न घेणाऱ्यांत २८ टक्के होते. पण स्टॅटिन घेणारे केवळ ३५ होते. नियमित गोळी घेणारा माणूस सहसा लसही घेतो, तपासणीही करून घेतो. हा फरक हिशेबात धरल्यावर कॅनडातील एडमंटनच्या ३,४१५ न्यूमोनिया रुग्णांच्या २००६मधल्या पाहणीत स्टॅटिनचा फायदा नाहीसा झाला. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांनी उरलीसुरली आशा मोडली. फ्रान्समध्ये व्हेंटिलेटरवर न्यूमोनिया झालेल्या रुग्णांत सिम्व्हास्टॅटिन गटातले मृत्यू २१.२ टक्के आणि दुसऱ्या गटातले १५.२ टक्के होते. फायद्याची शक्यता उरली नाही म्हणून ही चाचणी मध्येच थांबवली गेली, तिचा अहवाल २०१३मध्ये आला. अमेरिकेत सेप्सिसमुळे, म्हणजे जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अनावर प्रतिसादामुळे, फुप्फुस निकामी झालेल्या ७४५ रुग्णांवरील रोसुव्हास्टॅटिनची चाचणीही २०१४मध्ये अशीच निष्फळ ठरली. दाह विशेष भडकलेल्या रुग्णांच्या एका उपगटाला सिम्व्हास्टॅटिनने लाभ झाल्याचे दुसऱ्या एका चाचणीच्या २०१८च्या फेरविश्लेषणात दिसले खरे, पण ते मागाहून काढलेले अनुमान आहे. जंतुसंसर्गावर उपाय म्हणून स्टॅटिन सुरू करण्याला आज आधार नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

क्षयाचा जंतू पांढऱ्या पेशीत शिरायला कोलेस्टेरॉलचा आधार घेतो आणि आत गेल्यावर तेच खाऊन जगतो, त्यामुळे तिथे स्टॅटिनच्या उपयोगाचा शोध अजून चालू आहे. मात्र क्षयावरचे रिफाम्पिसिन यकृताचे काम वाढवून ॲटोर्वास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिनची रक्तातली पातळी खूप खाली आणते. याउलट खोकला-तापासाठी दिले जाणारे क्लॅरिथ्रोमायसिन तीच पातळी चढवते. मग स्नायू दुखतात, क्वचित त्यांचा चुरा होऊन लघवी काळसर होते आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. ॲझिथ्रोमायसिनमध्ये हा धोका बराच कमी असतो. म्हणून ताप, गळू किंवा खोकल्यासाठी डॉक्टरांकडे जाताना कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे आणि मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नये. कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद करू नये, थांबवायची असेल तर ती डॉक्टरांनीच थांबवावी.