बासरी : शिकाऊ हाताची आणि मैफलीची

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारें ३० किलोमीटरांवर बुटीबोरी लागतें. आज हें गांव औद्योगिक वसाहतीमुळें ओळखलें जातें. अशा गांवीं एखाद्या घरांत मुलानें बासरीचा हट्ट धरला, कीं मंडळी बहुधा नागपूरच्या बाजारांत जातात आणि दुकानदार दोन बासऱ्या पुढें ठेवतो. एक विद्यार्थ्याची म्हणून स्वस्त, दुसरी कलावंताची म्हणून महाग. मुलाचा उत्साह टिकेल कीं नाहीं कोण जाणे, तेव्हां तूर्त स्वस्तच घ्यावी, असा हिशेब वडील करतात. हिशेब व्यवहाराचा दिसतो खरा. परंतु बासरी बेसूर असली तर दोष वाद्याचा कीं आपला, हें ओळखण्याचें साधन नवख्या मुलापाशीं नसतें. तें स्वतःलाच दोष देतें आणि महिन्या-दोन महिन्यांत वाद्य खुंटीला लागतें. त्याहून वाईट म्हणजे, तें टिकून राहिलें तर त्याचा कान चुकीच्या स्वरांवर घडतो.

विद्यार्थ्याची व वादकाची असा भेद पाश्चात्य धातूच्या बासरींत खरोखरच आहे. म्यूनिकच्या थिओबाल्ड बोएम यानें १८४७ सालीं दंडगोल नळीची बासरी सिद्ध केली. तिच्या आजच्या वंशांत विद्यार्थ्याची बासरी साध्या धातूवर चांदीचा मुलामा दिलेली व बंद झांकणांची असते. वादकाची चांदीची व बहुधा मधोमध छिद्र असलेल्या झांकणांची. परंतु दोन्हींतील छिद्रांचीं स्थानें मोजमापानें ठरलेलीं असल्यामुळें चांगल्या कारखान्याची स्वस्त बासरीहि सुराला बऱ्याच अंशीं विश्वासू निघते.

वेळूची गोष्ट निराळी. त्याच्या प्रत्येक पेराची पोकळी वेगळी, भिंतीची जाडी वेगळी. विदर्भ हा तर बांबूचाच प्रदेश. गडचिरोली-चंद्रपूरच्या रानांत तो विपुल आहे. मग बासरी दुरून कां आणावी, असें वाटणें साहजिक आहे. पण तेथील मुख्य जात मानवेल. तिचा वासा जाड भिंतीचा, पुष्कळदां जवळजवळ भरीव, आणि पेर साधारणतः ३० ते ४५ सेंटिमीटर लांब. घराच्या आढ्याला, तट्ट्यांना, कागदाला तो उत्तम. मोठ्या बासरीला मात्र पातळ भिंतीचें, सरळ आणि याच्या दुप्पट लांब पेर लागतें. असा बांबू आसामांतून, विशेषतः सिलचरकडून, उत्तर प्रदेशांतील पिलीभीत येथें जातो. तेथें पिढ्यान् पिढ्या हाच धंदा करणारीं घरें आहेत. तापविलेल्या लोखंडी सळईनें तीं त्याला छिद्रें पाडतात. एकाच कारागिरानें एकाच दिवशीं केलेल्या दोन बासऱ्याहि अगदीं सारख्या निघत नाहींत. दुकानांतल्या चिठ्ठीवर "कलावंतांची" असें लिहिलें असलें, तरी त्यावरून फार थोडें कळतें.

मैफलीच्या बासरीचा खरा वेगळेपणा प्रथम तिच्या लांबींत आहे. बारीसाल येथें १९११ सालीं जन्मलेले आणि १९६० सालीं निवर्तलेले पन्नालाल घोष यांच्यापूर्वीं बासरी आंखूड असे. ख्यालाचा गंभीर विस्तार तिला पेलत नसे. त्यांनीं सुमारें ३२ इंचांची बासरी प्रचारांत आणली व सातव्या छिद्राची जोड दिली. त्यांच्या परंपरेंतील पुण्याचे केशव गिंडे यांनीं हा प्रयोग "केशव वेणू"पर्यंत पुढें नेला. आज मैफलींत बहुधा पांढरी तीन पट्टीची, सुमारें ३० इंचांची बासरी दिसते. तिचीं छिद्रें मोठीं व दूरदूर. तीं बोटांच्या टोकांनीं नव्हे, पेरांनीं झांकावीं लागतात. दहा वर्षांच्या मुलाचा पंजा तेथवर पोंचत नाहीं, आणि एका छिद्राच्या कडेला केसाएवढी फट राहिली तरी खालचे स्वर उमटत नाहींत. किंमत कितीहि मोजली तरी अशी बासरी त्याच्या हातीं देणें म्हणजे थोरल्या भावाचा कोट धाकट्याला घालण्यासारखें आहे.

तेव्हां आकार विद्यार्थ्याचा असावा, पण सूर मैफलीचा. मोठ्या मुलास पांढरी पांचची, सुमारें २४ इंचांची बासरी सोयीची. हात फारच लहान असल्यास वरच्या पांढरी एकची, सुमारें १८ इंचांची. गुरुजींची पट्टी निराळी असेल तर तीच घ्यावी हें उत्तम. लहान बासरी स्वस्त असते ती बांबू कमी लागतो म्हणून. तिच्या सुरांत काटकसर करण्याचें कारण नाहीं. जत्रेंत काठीला खोंचून विकल्या जाणाऱ्या बासऱ्या हें खेळणें आहे, आणि खेळणें म्हणून तें गोडच आहे.

पारख करण्यास वाजवितां येणारा कोणी बरोबर न्यावा, आणि एखादी पेटीहि जवळ असावी. सहाहि छिद्रें झांकलीं कीं मंद्र पंचम, तोंडाकडचीं तीन झांकलीं कीं षड्ज. हे दोन्ही स्वर पेटीशीं ताडून घ्यावेत आणि मग फुंकर आवळून तेच वरच्या सप्तकांत काढावेत. बहुतेक बासऱ्यांचें पितळ येथेंच उघडें पडतें. मधलें सप्तक सुरेल आणि वरचें उतरलेलें असेल, तर पोकळी विषम आहे किंवा तोंडाजवळचें बूच जागेवर नाहीं. त्यानंतर पाहावा गांधार, म्हणजे एकच छिद्र झांकून निघणारा स्वर. बासरीवरचें नक्षीकाम, रंगीत दोरा, झिलई यांकडे सर्वांत शेवटीं लक्ष द्यावें. न दिलें तरी चालेल.

बुटीबोरीच्या बाजूला आणखी एक अडचण आहे, ती उन्हाळ्याची. हवा तापली कीं बासरीचा सूर चढतो. २० अंशांवरून ४० अंशांवर गेल्यास शास्त्राप्रमाणें हा चढ अर्ध्या स्वरांतराच्या निम्म्याहून अधिक भरतो. श्वासानें नळी आधींच तापलेली असल्यामुळें प्रत्यक्षांत तो कांहींसा कमी पडतो. पेटी मात्र जवळजवळ तेथेंच राहते. थंडींत जुळविलेली बासरी वैशाखांत पेटीशीं भांडूं लागली, तर मुलाला रागें भरूं नये. कोरड्या उष्ण वाऱ्यानें बांबू तडकतोहि. म्हणून बासरी उन्हांत, पंख्याखालीं किंवा कूलरच्या झोतांत ठेवूं नये; अधूनमधून आंतून तेलाचा हात द्यावा, आणि बारीक चीर दिसतांच तिच्यावर दोरा घट्ट गुंडाळून घ्यावा. चीर तोंडाच्या छिद्रापर्यंत गेली नसेल, तर बासरी त्यानंतरहि पुष्कळ वर्षें चालते.